डाग आणि चित्र

२०१६ च्या ऑगस्टात गोदावरीला पूर आला, तेव्हा दुतोंड्या मारुती कुठवर बुडाला याची चौकशी करीत आम्ही पंचवटीकर नेहमीप्रमाणे माडीवर बसून होतो. पुराचे मोजमाप आमच्याकडे त्या मूर्तीवरून होते. पाणी कमरेला लागले, छातीला लागले, डोक्यावरून गेले, अशी ती भाषा. त्या खेपेस पाणी उतारावरून आमच्या गल्लीत शिरले, खालच्या खोलीत एक रात्र मुक्कामाला राहिले आणि दुसऱ्या दिवशी न सांगता निघून गेले. गाळ उपसून झाला, भांडी घासून झाली, भिजलेल्या वह्यापुस्तकांचा शोक करून झाला. भिंतीवर मात्र एक डाग राहिला.

डाग कमरेइतक्या उंचीवर होता. खाली मातकट, वर जाताजाता फिकट, आणि अगदी कडेला गडद तपकिरी रेघ. कोणी बोरूने ओढावी इतकी बारीक. एका ठिकाणी चुन्याचा पोपडा निघालेला होता, तिथे पाण्याने वरच्या बाजूला जीभ काढली होती. गाळ उपसायला मदत म्हणून आमच्या ओळखीचे एक चित्रकला-शिक्षक आले होते. त्यांनी कमरेवर हात ठेवून भिंतीकडे पाहिले आणि म्हणाले, “ताई, याला चुना लावू नका. भोवती चौकट ठोका आणि मुंबईला पाठवा. मॉडर्न आर्ट म्हणून लाखाला जाईल.” आम्ही सगळे हसलो. पुराच्या दुसऱ्या दिवशी हसायला जे मिळेल ते माणसाला हवेच असते.

पण तो विनोद माझ्या मनातून गेला नाही. विनोदाला उत्तर सापडले नाही की तो प्रश्न होतो. पाण्याने भिंतीवर जे केले तेच एखाद्याने कागदावर केले तर त्याला आपण चित्र म्हणायचे ते कशाच्या आधारावर? आणि तसा काही आधार नसेल, तर तथाकथित अमूर्त चित्रकारांनी आजवर आपली थट्टाच केली असे म्हणायला काय हरकत आहे? हा लेख म्हणजे त्या शिक्षकांना बऱ्याच उशिरा दिलेले उत्तर आहे. अधिकाराचे म्हणाल तर तो मला नाही. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, पोटासाठी लहान मुलांना शिकवणे, आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिणे. कादंबरीकाराला चित्रांविषयी एक जन्मजात संशय असतो. त्याला प्रत्येक वेळी विचारावेसे वाटते, “बरे, मग पुढे काय झाले?”

मराठी घरात जलरंग म्हटले की डोळ्यांपुढे येते ती सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांची, हातातल्या दिव्याच्या उजेडात उजळलेली स्त्री. मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे, पण कॅलेंडरांनी आणि छापील प्रतींनी ते घरोघर नेले. आम्हा नाशिककरांना त्याच्या जोडीला शिवाजी तुपे आठवतात. गोदाघाटावरची सकाळ, ओल्या पायऱ्या, देवळांची शिखरे त्यांनी जलरंगात धरून ठेवली. या चित्रांपुढे उभे राहिले की मनाला बरे वाटते, कारण काय पाहायचे हे आपल्याला आधीच ठाऊक असते. दिवा ओळखू येतो, पायरी ओळखू येते. ओळख पटली की आपण ‘अगदी हुबेहूब!’ म्हणतो आणि पुढच्या चित्राकडे वळतो. पाहणे तेथे संपते. वास्तविक हळदणकरांच्या त्या चित्रातले अवघड काम दिव्याच्या ओळखीत नाहीच. जलरंगात उजेड वरून लावता येत नाही. उजेड म्हणजे न रंगवता सोडलेला कागद. त्या स्त्रीच्या चेहऱ्यावर जेथे दिव्याची प्रभा सर्वांत जास्त आहे तेथे चित्रकाराने सर्वांत कमी केले आहे. आणि जे सोडायचे राहून गेले ते नंतर परत मिळत नाही. तैलरंगात चूक झाली तर खरवडून काढता येते, वर दुसरा थर देता येतो. पाण्याला क्षमा ठाऊक नाही.

आता पुराचा डाग आणि जलरंगाचा डाग यांच्यात पाण्याच्या बाजूने पाहिले तर काही फरक नाही हेही कबूल केले पाहिजे. कडेची ती गडद रेघ कशी येते? ओला थेंब वाळताना त्याची कड आधी वाळते. तेथले पाणी उडून जाते, ती तूट भरून काढायला आतले पाणी कडेकडे वाहते आणि येताना आपल्याबरोबर रंगाचे किंवा गाळाचे कण घेऊन येते. पाणी उडते, कण कडेला साचतात. चहाच्या कपाखाली बशीत उमटणारे कडे तेच, माझ्या भिंतीवरची रेघ तीच, आणि जलरंगाच्या चित्रात रसिक ज्या कडेची वाखाणणी करतात तीही तीच. लिओनार्दो द व्हिंचीने तर आपल्या शिष्यांना डागाळलेल्या भिंती पाहत जा असा सल्लाच दिला होता. त्या डागांत डोंगर, लढाया, चेहरे दिसू लागतात म्हणून. पण यात एक मेख आहे. लिओनार्दोला डागातून डोंगर हवा होता. डाग ही त्याची शिडी होती. शिडीलाच घर म्हणण्याचे धाडस पुढे चारशे वर्षांनी झाले.

ते धाडस करणारे जे पहिले चित्र म्हणून सांगतात तेही जलरंग आणि शाईचेच आहे. वासिली कांडिन्स्की या रशियन चित्रकाराने म्युनिकला असताना पेन्सिल, जलरंग आणि काळी शाई घेऊन साधारण हातभर लांबीच्या कागदावर ते काढले. सध्या ते पॅरिसच्या पाँपिदू संग्रहालयाच्या मालकीचे आहे. त्यावर १९१० साल घातलेले आहे. पण तारीख मागाहून टाकलेली असावी आणि चित्र १९१३ चे असावे असे बऱ्याच जाणकारांचे म्हणणे आहे. कारण त्याचे नाते १९१३ मधल्या एका मोठ्या चित्राशी जुळते. कशाचेही नसलेले चित्र काढणाऱ्याला ‘आधी मी’ हे सांगण्याची ओढ सुटली नाही, ही गोष्ट मला कादंबरीकार म्हणून फार आवडते. याच कांडिन्स्कीची आणि पाउल क्लेची चित्रे १९२२ च्या डिसेंबरात कलकत्त्यात एका प्रदर्शनात लागली होती. म्हणजे हे बियाणे आपल्याकडे फार उशिरा आले असे नाही. रुजायला वेळ लागला.

मराठी मुलखात ते ज्यांच्या हाती खऱ्या अर्थाने रुजले ते वासुदेव गायतोंडे. जन्म नागपूरचा, १९२४ चा, घराणे गोव्याकडचे, वाढले गिरगावातल्या चाळीत. १९४८ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पदविका घेतली. सुरुवातीला त्यांनी आपल्याकडच्या लघुचित्रांचा अभ्यास केला, आकृत्या काढल्या. पन्नाशीच्या दशकात क्लेचा प्रभाव पडला आणि त्या काळात जलरंग व शाई यांत कागदावर केलेली त्यांची काही चित्रे आहेत. त्यांत रेषा शाईची आणि हवा रंगाची. काळी शाई एकदा वाळली की पाण्याने हलत नाही, म्हणून तिच्यावरून ओला रंग फिरवता येतो. रेषा आपल्या जागी ठाम आणि रंग तिच्या आतबाहेर येजा करणारा. ही चित्रे गोड आहेत. पण मला ती पाहताना एखाद्या होतकरू कवीच्या पहिल्या संग्रहासारखी वाटतात. आवाज चांगला लागला आहे, गळा मात्र अजून गुरूचा आहे. त्यांवरूनच गायतोंडे मोठे ठरले असते असे मला वाटत नाही.

पुढचा त्यांचा प्रवास पुष्कळांनी लिहिला आहे, म्हणून भराभर सांगते. मुंबईला वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये ते काम करीत. एकाच आवारात चित्रकार, नाटकवाले आणि सतारवाले नांदत होते असा तो काळ. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. १९७१ मध्ये पद्मश्री मिळाली, १९७२ मध्ये दिल्लीला स्थायिक झाले. ‘अमूर्त’ हा शब्द त्यांना मान्य नव्हता. आपली चित्रे वस्तुनिरपेक्ष आहेत असे ते म्हणत. आपल्याकडच्या समीक्षकांनी यासाठी ‘अप्रतिरूप’ असा शब्द केला आहे, तो मला जास्त प्रामाणिक वाटतो. चित्र मूर्तच असते. कागद आणि शाई यांच्याइतके मूर्त दुसरे काय आहे? ते कशाचे प्रतिरूप नसते, एवढेच. कॅनव्हासवर ते तैलरंगाचे थर रोलरने आणि रंगपट्टीने देत, काही भाग खरवडीत, कागदाचे तुकडे रंगात दाबून उचलीत. वर्षाकाठी पाचसहा चित्रे, क्वचित त्याहूनही कमी. नावे नाहीत. २००१ च्या ऑगस्टात ते गेले. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन मांडले.

मला लिहायचे आहे ते त्या मोठ्या कॅनव्हासांविषयी नाही. १९८४ साली दिल्लीत त्यांना रिक्षाचा अपघात झाला. त्यानंतर काही वर्षे मोठ्या कॅनव्हासपुढे उभे राहून काम करणे त्यांना जमेना. त्या काळात त्यांनी कागद आणि शाई घेतली. जाणकार या कागदांना कॅनव्हासांच्या खालच्या पाटावर बसवतात. मोठा गवई आजारपणात गुणगुणत बसला होता, अशा दयाळूपणाने त्यांच्याविषयी बोलले जाते. माझे मत नेमके उलटे आहे. कॅनव्हासवर त्यांना खरवडता येत होते, वर थर देता येत होते, महिनोन्महिने वाट पाहून झाले-गेले निस्तरता येत होते. कागदावर शाईचा फटकारा बसला की बसला. म्हणून या कागदांवर हा माणूस अधिक उघडा दिसतो.

असा एक कागद मी मुंबईत पाहिला. चौकटीत होता, काचेमागे होता, आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेहून फार मोठा नव्हता. पांढऱ्यावर काळ्या खुणा. काही ठळक, काही कोरड्या, शाई संपत आल्यासारख्या. त्या ओळीत बसल्यासारख्या वाटत, पण ओळ पुरी होत नसे. मध्येच मोठी मोकळी जागा येई. मी तीसएक वर्षांच्या सवयीप्रमाणे डावीकडून उजवीकडे पाहू लागले. काही लागेना. मग जवळ गेले. तेव्हा दारावरचा रखवालदार दोन पावले पुढे आला. त्याने काही म्हटले नाही. पण माझ्या हातातली कापडी पिशवी आणि माझ्या चपला यांच्यावर त्याची नजर फिरली, आणि माझा चेहरा तापला. मी मागे सरले. त्या दिवशी त्या चित्राने मला काही दिले असे मी म्हणणार नाही. मी घरी आले ती रागावून.

उलगडा झाला तो पंचवटीत, एका सोप्यात. रामकुंडाच्या आसपास जे तीर्थोपाध्याय राहतात त्यांच्याकडे नामावळीच्या वह्या असतात हे बाहेरच्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. ज्या घराण्याचा जो उपाध्याय, त्याच्या वहीत त्या घराण्यातला कोण केव्हा यात्रेला आला, बरोबर कोण होते, मुले किती, गाव कुठले, याची नोंद पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. आमच्या शेजारच्या गुरुजींकडे पुरानंतर अशा जुन्या वह्या उन्हात घालायला मी मदतीला बसले होते. त्यांतल्या कितीएक मोडीत. मला मोडी वाचता येत नाही. मोडी लिहिणारा आधी पानभर आडव्या रेघा मारून घेतो आणि मग त्या रेघांना अक्षरे टांगत जातो. बोरू सहसा उचलत नाही. त्यामुळे न वाचणाऱ्याला ते पान कसे दिसते? दोरीवर वाळत घातलेल्या काळ्या वेलीसारखे. बोरू बुडवला की शाई दाट, पाचसात अक्षरांनी पुसट, पुन्हा दाट. कुठे लिहिणाऱ्याचा हात थांबला, कुठे त्याने घाई केली, कुठे त्याचे वय झाले होते, हे मला दिसत होते. मी त्या पानाकडे किती वेळ पाहत बसले होते कोण जाणे.

गुरुजींनी सहज वाकून वाचले, “हे इंदूरकडचे. आईच्या अस्थी घेऊन आले होते. बरोबर धाकटा भाऊ.” आणि त्याच क्षणी ते पान माझ्या डोळ्यांसमोरून नाहीसे झाले. शाई दिसेना. दिसू लागला तो इंदूरहून आलेला कोणी एक, त्याचा धाकटा भाऊ, हातातले गाठोडे. मी कादंबरीकार, मला तेवढे पुरे होते. पण थोड्या वेळाने वाटले, मघापासून मी जे पाहत होते त्याचे काय झाले? अर्थाने आत पाऊल टाकले आणि शाई मागच्या दाराने निघून गेली. वाचता येणे ही मोठी गोष्ट आहे, माझा तो धंदाच आहे. पण वाचता येऊ लागले की पाहणे बंद पडते, ही त्याची किंमत आपण देतो आणि देतो हे आपल्याला कळतही नाही.

गायतोंड्यांचा तो कागद मला तेव्हा आठवला. त्याने मला रागावायला लावले होते ते याच कारणाने. तो लिपीसारखा दिसत होता आणि वाचू देत नव्हता. नामावळीच्या पानाला निदान एक गुरुजी आहेत. या कागदाला गुरुजी नाही. तो कोणत्याही भाषेत कधी शब्द नव्हताच. म्हणून अर्थ येऊन त्याला पुसून टाकू शकत नाही. पुढे छापील प्रतींतून त्या काळातले आणखी काही कागद मी पाहिले, आणि या वेळी वाचायचा हट्ट सोडून हात कुठे थांबला ते पाहू लागले. मग दिसू लागले. एक जाड फटकारा, त्याच्या शेजारी दुसरा तसाच येणार असे वाटते आणि येत नाही. जागा रिकामी. ती रिकामी जागा मुद्दाम ठेवलेली आहे हे कशावरून? पुढची खूण तिच्या मापाने लहान झाली आहे यावरून. आपण बोलता बोलता एखादा शब्द गिळतो आणि मग पुढचे वाक्य हळू आवाजात बोलतो, तसे.

आणि येथे मला माझ्या भिंतीवरच्या डागाचे उत्तर मिळाले. डाग जेथे पाणी संपले तेथे संपला. चित्र जेथे चित्रकार थांबला तेथे थांबले. पाण्याला आणखी वर चढायचे असते तर ते चढले असते. त्याला जमले नाही, कारण गंगापूर धरणाचा विसर्ग कमी झाला. गायतोंड्यांच्या बाटलीत शाई शिल्लक होती. हा फरक वरवर पाहता बारीक आहे, पण सगळे काही त्यात आहे. नुसता कागद पाहून हे कसे कळणार, असे कोणी विचारील. एक डाग पाहून कळणार नाही. पण दहा डाग शेजारी ठेवा आणि दहा चित्रे शेजारी ठेवा. डागांत प्रत्येक वेळी उतार आणि पाणी यांचेच चालते. चित्रांत कोणीतरी मागच्या चित्रात जे केले ते या वेळी टाळतो आहे हे दिसते. टाळणे हे माणसाचे काम आहे. पुराला काही टाळता येत नाही.

मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये लयीचे तीन नियम सांगितले: संवाद, विरोध आणि समतोल. चित्रात रंगसंवेदनांची लयबद्ध रचना हेच सर्वस्व, चित्र कशाचे आहे हा प्रश्न सौंदर्याच्या उंबऱ्याबाहेरचा, असा त्यांचा रोख. हे पुस्तक १९५५ चे. गायतोंडे तेव्हा पुरते वस्तुनिरपेक्ष झालेही नव्हते. त्यांच्या नंतरच्या चित्रांनी मर्ढेकरांचे म्हणणे सिद्ध केले असे कोणी म्हटले तर मी पुष्कळ अंशी मान डोलावीन. पण पुरी नाही. संवाद, विरोध आणि समतोल हे तिन्ही माझ्या भिंतीवरच्या डागातही होते. गडद कड आणि फिकट पोट यांचा विरोध होता, वर निघालेल्या जिभेने तोल साधला होता, मातकट रंगांचा संवाद तर होताच. लय पाहिजे म्हटले तर निसर्गात हवी तितकी सापडते. मर्ढेकरांच्या तराजूत डाग आणि चित्र सारखेच भरतील की काय अशी मला भीती वाटते. त्या तराजूत वेळ घालायची सोय नाही. शाईच्या चित्रात वेळ असतो: हा फटकारा आधीचा, हा नंतरचा, मध्ये हात थांबला तो एवढा. कोरड्या पडत गेलेल्या रेषेत तो डोळ्यांना दिसतो. या अर्थाने ‘पुढे काय झाले?’ हा माझा अडाणी प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता. गोष्ट तेथेही आहे. पात्रे तेवढी नाहीत.

यावर एक आक्षेप असा आहे की तो मला बाजूला सारता येत नाही. मी राहते त्या वस्तीत काळाराम मंदिर आहे. काळ्या दगडाचे, देखणे. २ मार्च १९३० ला बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली त्याच्या दारांशी सत्याग्रह सुरू झाला, आणि वर्षानुवर्षे चालूनही दारे उघडली नाहीत. अशा गावात राहून, लिहिण्याचा व्यवसाय करून, कशाचेही नसलेल्या चित्राचे गोडवे गायचे, हे माझ्याच्याने कसे होते? जीवनासाठी कला की कलेसाठी कला हा खांडेकर-फडक्यांचा वाद आता शाळेच्या निबंधापुरता उरला आहे असे म्हणतात. मला तसे वाटत नाही. तो वाद पंचवटीत रोज सकाळी देवळावरून जाताना माझ्यापुढे उभा राहतो. दाराबाहेर उभ्या केलेल्या माणसाविषयी गायतोंड्यांचा कागद एक अक्षर बोलत नाही.

याला माझ्याजवळ उत्तर नाही. फक्त दोन गोष्टी आहेत आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. एक अशी की, अक्षर न बोलणारा कागद खोटेही बोलत नाही. अन्यायाविषयी लिहिताना माझ्या स्वतःच्या कादंबऱ्यांत मी किती वेळा जरुरीपेक्षा अर्धा परिच्छेद जास्त लिहिला, वाचकाचे डोळे भरून यावेत म्हणून किती ठिकाणी रंग ओतला, हे माझे मला ठाऊक आहे. थांबायचे कुठे हे त्या कागदांनी मला दाखवले. चालू कादंबरीतून मी एक मृत्यू काढून टाकला. दुसरी गोष्ट अशी की, या चित्रांच्या दारातही एक अडसर आहे. देवळाच्या त्या दाराशी त्याची तुलना करणे पाप होईल, मी ती करीत नाही. पण माझ्या चपलांवर फिरलेली नजर खरी होती. चित्र कोणालाही गोष्ट ठाऊक असण्याची अट घालीत नाही, पुराण विचारीत नाही, जात विचारीत नाही. आणि तरी ते जेथे टांगले जाते तेथे मॅट्रिक झालेल्या मास्तरणीला घाम फुटतो. २०१३ मध्ये मुंबईत ख्रिस्टीजच्या लिलावात गायतोंड्यांचा एक कॅनव्हास २३ कोटी ७० लाखांना गेला, आणि पुढे असे आकडे वाढतच गेले. तेव्हापासून आमच्या चित्रकला-शिक्षकांचा विनोद तर आणखीनच रंगला. त्यांचे काही चुकत नाही. चित्र पाहण्याआधी किंमत कानावर पडली की डोळे तिच्यातच अडकतात.

तितकीच अडचण दुसऱ्या टोकाच्या भक्तांनी केली आहे. गायतोंडे कमी बोलत, एकटे राहत, झेन आणि रमण महर्षी वाचीत. एवढ्या सामग्रीवर त्यांचा योगी करून झाला. त्यांच्या चित्रांविषयीच्या लेखांत ‘मौन’ आणि ‘शून्य’ हे शब्द इतके गोंगाट करतात की चित्र ऐकू येत नाही. मला तो साधू नको आहे. मान दुखत असताना कागदावर वाकलेला, हातात शाई असलेला आणि पुढचा फटकारा मारावा की नको असा विचार करणारा साठीचा माणूस मला पुरे आहे.

मुलाविषयी लिहायचे राहिले. पुरानंतरच्या जुलैत, चित्रकलेच्या तासाला बाई रजेवर होत्या म्हणून वर्ग माझ्याकडे आला होता. तिसरीतल्या एका मुलाने सगळा कागद पाण्याने ओला केला आणि त्यात काळ्या शाईचे थेंब सोडले. शाई ओल्या कागदावर पसरू लागली की तो फुंकर घाली; पुरेशी पसरली असे वाटले की टिपकागद दाबून तिला थांबवी. फार लक्ष देऊन तो ते करीत होता, हे मला आज आठवते. तेव्हा मी जवळ जाऊन विचारले, “हे काय आहे?” तो म्हणाला, “काही नाही.” मी म्हटले, “काही नाही कसे? काहीतरी असेलच.” त्याने खांदे उडवले. मी तिसऱ्यांदा विचारले, जरा आवाज चढवून. त्याने माझ्याकडे पाहिले, मला काय हवे आहे याचा अंदाज घेतला आणि म्हणाला, “पूर, बाई.” मी खूश झाले. पूर सर्वांनी पाहिलेला होता. मी त्याच्या कागदाच्या कोपऱ्यात लाल शाईने ‘पूर’ असे लिहिले, खाली बरोबरची खूण केली आणि कागद वर्गात फिरवला.

हा लेख लिहिताना तो कागद पुन्हा पाहावा असे वाटले. शाळेत चौकशी केली. मुलांचे चित्रकलेचे कागद दर वर्षी एप्रिलात रद्दीत जातात. तो मुलगा आता मोठा झाला आहे. रस्त्यात भेटला तेव्हा विचारले तर त्याला काही आठवत नव्हते. मलाही शाई नेमकी कुठवर पसरली होती, टिपकागद त्याने कुठे कुठे दाबला होता, ते आठवत नाही. त्या कागदाचा एकच भाग डोळ्यांपुढे स्वच्छ उभा राहतो. उजवीकडचा खालचा कोपरा, आणि त्यात माझ्या अक्षरातला, लाल शाईतला ‘पूर’.